पायलटचा पगार मोजायचा कसा?

प्रश्न असा आहे: विमान कंपनीतल्या पायलटला डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांच्यापेक्षा खरंच जास्त पगार मिळतो का? आणि मिळत असेल, तर ज्या कामाला अनेक ठिकाणी पदवीचीही सक्ती नाही त्याला एवढा पैसा का?

मोठ्या कंपनीत मोठं विमान उडवणारा, पंधरा-वीस वर्षांची सिनिऑरिटी असलेला कॅप्टन बहुतेक वकिलांपेक्षा आणि इंजिनिअरांपेक्षा जास्त कमावतो. कधीकधी स्पेशालिस्ट डॉक्टरच्या आसपास पोचतो. पण हा कॅप्टन म्हणजे या व्यवसायाचं शेवटचं स्टेशन. तुलना करताना लोक त्याचा आकडा उचलतात आणि त्याच्यासमोर दुसऱ्या व्यवसायातला सर्वसाधारण माणूस उभा करतात. हिशेब चुकतो तो तिथेच. पायलटचा पगार कोणत्या तासाचा आहे, कोणत्या सिनिऑरिटी नंबरचा (कंपनीतल्या ज्येष्ठतेच्या यादीतल्या क्रमांकाचा) आहे आणि किती वर्षं हातात राहणार आहे, हे कळल्याशिवाय नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

आधी जाहीर आकडे बघू. अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं दरवर्षी व्यवसायवार पगार जाहीर करतं, आणि इतकी स्वच्छ माहिती फार थोडे देश देतात, म्हणून उदाहरण तिथलं घेतो. मे २०२४ च्या आकड्यांत एअरलाइन पायलट आणि को-पायलट या गटाचा मध्यक वार्षिक पगार सुमारे २ लाख २६ हजार डॉलर आहे. मध्यक म्हणजे निम्मे लोक ज्याच्या वर आणि निम्मे खाली असतात तो आकडा. त्याच वर्षी वकिलांचा मध्यक सुमारे १ लाख ५१ हजार, डेंटिस्टचा १ लाख ७९ हजार, एअर ट्रॅफिक कंट्रोलरचा १ लाख ४४ हजार, सॉफ्टवेअर डेव्हलपरचा १ लाख ३३ हजार. सगळ्या नोकरदारांचा मिळून साडेएकोणपन्नास हजार. डॉक्टर आणि सर्जन यांच्यापुढे नुसतं '२,३९,२०० किंवा जास्त' असं लिहिलेलं असतं, कारण त्या पातळीच्या वरचा नेमका आकडा हे खातं छापतच नाही. म्हणजे कागदावर पायलट डॉक्टरच्या उंबऱ्यापर्यंत पोचलेला दिसतो, पण उंबऱ्याच्या पलीकडे डॉक्टर किती लांब गेलाय ते त्या तक्त्यात दिसत नाही. स्पेशालिस्ट बराच लांब असतो.

आता तोच तक्ता बारा वर्षं मागे न्या. मे २०१२ मध्ये एअरलाइन पायलटचा मध्यक १ लाख १४ हजारांच्या जवळ होता आणि वकिलाचा १ लाख साडेतेरा हजार. दोघं अगदी शेजारी! २०१२ मध्ये कुणी विचारलं असतं तर उत्तर 'वकिलाइतकाच' असं आलं असतं, २०२४ मध्ये तेच उत्तर 'वकिलाच्या दीडपट' असं येतं. बारा वर्षांत पायलटचं काम दीडपट अवघड झालेलं नाही. बदलली ती बाजारातली उपलब्धता.

तिथे काय घडलं ते सांगायलाच हवं, कारण या पगाराचा स्वभाव त्यातून कळतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर मोठ्या अमेरिकन कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. पायलटांचे पगार तीस-चाळीस टक्क्यांनी कापले गेले आणि काही कंपन्यांची पेन्शन योजनाच बंद झाली. जानेवारी २००९ मध्ये हडसन नदीवर विमान उतरवून सगळ्यांना वाचवणारे कॅप्टन सलनबर्गर पुढच्याच महिन्यात संसदीय समितीपुढे गेले, आणि आपला पगार ४० टक्क्यांनी कापला गेल्याचं आणि पेन्शन गेल्याचं त्यांनी तिथे सांगितलं. जगातला त्या घडीचा सगळ्यात गाजलेला पायलट हे सांगत होता. त्याच फेब्रुवारीत बफेलोजवळ एका प्रादेशिक विमानाचा अपघात होऊन ५० जणांचा जीव गेला. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून अमेरिकेत को-पायलटलाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा अनुभव सक्तीचा झाला. लष्करी पायलट आणि विमानचालनाची पदवी घेतलेल्यांना थोडी सूट. नवीन माणसं येण्याचा वेग मंदावला. निवृत्तीची लाट सुरू होतीच, त्यात २०२० मध्ये जगभरातली प्रवासी संख्या सुमारे ६० टक्क्यांनी कोसळली आणि कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ पायलटांना पैसे देऊन लवकर घरी पाठवलं. दोन-तीन वर्षांत प्रवासी परत आले, पायलट आले नाहीत. २०२३ मध्ये डेल्टा या विमान कंपनीच्या पायलटांनी चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढीचा करार पदरात पाडून घेतला, अमेरिकन एअरलाइन्स आणि युनायटेड एअरलाइन्स त्याच वर्षी त्या वाटेने गेल्या. आज दिसणारा मोठा आकडा तिथून आला. तो कायमचा मानून कुणी वीस वर्षांचं कर्ज काढू नये.

आता मूळ मुद्दा, तासाचा.

पायलटला पगार बहुतेक ठिकाणी ब्लॉक अवरवर मिळतो. चाकांखालच्या चॉक्स (अडकवलेले ठोकळे) काढून विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, मुक्कामाच्या विमानतळावर पार्क होऊन चॉक्स लागल्या की बंद. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम या घड्याळात धरलं जात नाही. कमी अंतराच्या चार सेक्टरचा, म्हणजे चार उड्डाणांचा, एक दिवस घ्या, प्रत्येक सेक्टर १ तास १० मिनिटांचा. ब्लॉक झाला ४ तास ४० मिनिटं. पहिल्या उड्डाणाच्या तासभर आधी रिपोर्टिंग: हवामान, नोटॅम (वाटेतल्या आणि विमानतळांवरच्या बदलांच्या सूचना), इंधनाचा निर्णय, विमानाची टेक्निकल लॉग, बाहेरून फेरी. मधल्या तीन टर्नअराउंडना (दोन उड्डाणांमधली जमिनीवरची तयारी) ४० मिनिटांप्रमाणे दोन तास, शेवटी कागदपत्रांना अर्धा तास. ड्युटी झाली ८ तास १० मिनिटं. म्हणजे ड्युटीच्या वेळेपैकी जेमतेम ५७ टक्के वेळ पगाराच्या घड्याळात मोजला गेला. ज्या टर्नअराउंडमध्ये वजनाचा हिशेब बदलतो, इंधन वाढवावं लागतं, एखादा बिघाड मिनिमम इक्विपमेंट लिस्टमध्ये (कोणत्या बिघाडासह उडायला चालतं त्या यादीत) बसतो की नाही हे ठरवावं लागतं, ते दिवसातलं सगळ्यात डोकं खाणारं काम नेमकं उरलेल्या ४३ टक्क्यांत येतं.

लांबच्या उड्डाणात चित्र वेगळं. जाताना ९ तास, तिकडे २६ तासांचा लेओव्हर, म्हणजे मुक्काम, येताना साडेनऊ तास. ब्लॉक साडेअठरा तास, ड्युटी साधारण २२. प्रमाण छान दिसतं. पण घरापासून लांब गेले ४६ तास, त्यातले पगाराचे ४० टक्के. हॉटेलातले २६ तास ही विश्रांती खरी, पण झोपेचं चक्र उलटंपालटं झालेल्या माणसाची विश्रांती. तिची किंमत कशी लावायची हे ज्याचं त्याने ठरवावं, पण तुलनेच्या रकान्यात ती शून्य लिहू नये.

म्हणून तक्त्यावरचा ताशी दर बघून 'हा तर सर्जनइतका घेतो' असं म्हणणारे चुकतात. कायद्यानेच तास मर्यादित आहेत. युरोपात २८ दिवसांत १०० ब्लॉक तास आणि कॅलेंडर वर्षात ९०० ही कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत सलग ३६५ दिवसांत १,०००. ऑफिसात काम करणारा वर्षाला दोन हजार तास भरतो, त्याचा ताशी दर दोन हजारांनी गुणायचा. पायलटचा सातशे-आठशेंनीच गुणावा लागतो. अमेरिकेचं ते सांख्यिकी खातंही पायलटचा ताशी दर देत नाही, फक्त वार्षिक आकडा देतं, आणि त्याचं कारण हेच.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. महिन्याला ७५ ब्लॉक तास उडणाऱ्या माणसाची ड्युटी वरच्या प्रमाणाने १३० तासांच्या आसपास येते. स्टँडबायचे दिवस, सिम्युलेटर, ग्राउंड क्लास धरले तरी महिन्यात दहा ते पंधरा दिवस सुट्टी मिळते. आठवड्याला पन्नास-साठ तास राबणाऱ्या सर्जनला किंवा मोठ्या फर्ममधल्या वकिलाला हे मिळत नाही, आणि पायलटला कामाची फाइल घरीही न्यावी लागत नाही. चॉक्स लागल्या की ते उड्डाण संपलं. तेव्हा कामाच्या खऱ्या तासांवर भागून बघितलं तर ज्येष्ठ कॅप्टनचा दर फार उत्तम निघतो, हे मान्य करायला हवं. फक्त ते तास पहाटे तीनचे, सणाचे आणि रविवारचे असतात, आणि कोणते असतील ते सिनिऑरिटी ठरवते.

पगाराच्या स्लिपवरचे बाकीचे शब्द पटकन. मिनिमम गॅरंटी म्हणजे उड्डाणं कमी झाली तरी मिळणारे किमान तास, बहुधा महिन्याला ७० ते ७५. स्टँडबाय म्हणजे बोलावलं तर निघायला तयार राहणं. कुठे त्याचे पूर्ण तास धरतात, कुठे पाव, कुठे काहीच नाही. डेडहेड म्हणजे ड्युटीसाठी प्रवासी म्हणून जाणं. त्यालाही कुठे पूर्ण, कुठे अर्धा दर. पर डिएम हा मुक्कामाचा भत्ता, तो खर्चासाठी असतो आणि पेन्शनच्या हिशेबात सहसा धरत नाहीत. 'अमुक पायलटला महिन्याला एवढे मिळतात' असं ऐकलं की आधी विचारावं, यात पर डिएम आहे का? पुष्कळदा असतो.

मग मोठ्या विमानाला जास्त पगार का? काम तेच, चेकलिस्टही जवळपास तशीच. उलट दिवसाला पाच लँडिंग करणारा छोट्या विमानाचा पायलट हाताने जास्त राबतो. याचं मूळ १९३० च्या दशकात आहे. तेव्हा विमानांचा वेग झपाट्याने वाढत होता आणि कंपन्यांना मैलांवरून तासांवर यायचं होतं, कारण वेगवान विमानात तेवढ्याच मैलांना तास कमी लागतात. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या एअर लाइन पायलट्स असोसिएशनने विरोध केला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार मंडळाचा 'डिसिजन ८३' नावाचा निवाडा आला. त्याने मूळ पगार, विमानाच्या वेगानुसार ताशी दर आणि मैलांचा भाग असं सूत्र घालून दिलं आणि महिन्याला ८५ तासांची मर्यादा बांधली. पुढे विमानाचं वजनही सूत्रात आलं. त्यामागचा विचार असा की पायलट तासाला जितकं उत्पादन करतो, म्हणजे जितक्या सीट जितक्या मैल हलवतो, त्यात त्याचा वाटा असावा. सूत्रं बदलली, हा विचार टिकला.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तरी हे पटतं. समजा कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) मिळून कंपनीला तासाला ६०० रुपये पडतात. विमानात १५० प्रवासी असतील तर प्रत्येकाच्या तिकिटावर तासाला ४ रुपयांचा भार. विमानात ३०० प्रवासी असतील आणि दोघांचा खर्च ९०० केला, तरी प्रवाशामागे ३ च. पायलटचा पगार दीडपट झाला आणि तिकिटावरचा भार पाऊण झाला. पन्नास सीटच्या विमानात मात्र दोघांचा खर्च ३०० ठेवला तरी माणशी ६ पडतात. प्रादेशिक कंपन्यांचे पगार वर्षानुवर्षं दबलेले राहिले त्याचं मोठं कारण हे साधं गणित आहे. सर्जनला ही सोय नाही, तो एका वेळी एकाच टेबलावर उभा राहतो. त्याचा पगार एका रुग्णाच्या बिलातूनच निघावा लागतो.

याच संदर्भात 'शेकडो जीव हातात असतात म्हणून एवढा पगार' हे वाक्य फार ऐकू येतं. जबाबदारी खरी आहे, पण पगार तिच्यावर ठरत नाही. तसं असतं तर बस आणि लोकल ट्रेन चालवणाऱ्यांचे पगार आजच्यापेक्षा खूप वर असते. पगार ठरतो लायसनवाल्यांची टंचाई, संघटनेची ताकद आणि माणशी उत्पादन या तिघांवर. यातलं एक कमजोर झालं की जबाबदारी तीच राहते आणि पगार घसरतो. २००१ नंतरच्या दहा वर्षांत नेमकं तसंच झालं.

सिनिऑरिटीबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण बाहेरच्या लोकांना हीच गोष्ट सगळ्यात उशिरा समजते. पायलट कंपनीत रुजू होतो त्या तारखेला त्याला एक नंबर मिळतो. कोणतं विमान, कोणता बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), कमांड कधी, म्हणजे कॅप्टन कधी, सुट्टी कोणत्या आठवड्यात, आणि मंदी आली तर आधी घरी कोण, हे बहुतेक मोठ्या कंपन्यांत त्या नंबरवरून ठरतं. कौशल्याचा संबंध पास-नापास इतकाच. सिम्युलेटरच्या चेकमध्ये पास झालात की उत्कृष्ट आणि बरा यांना दर एकच. चांगल्या वकिलाला चांगली केस मिळते, चांगल्या इंजिनिअरला दुसरी कंपनी वाढीव पगारावर उचलते. पायलटने कंपनी बदलली की हा नंबर मागे राहतो. वीस वर्षांचा, पंधरा हजार तासांचा कॅप्टन नव्या कंपनीत बऱ्याचदा यादीच्या तळाशी, उजव्या म्हणजे को-पायलटच्या सीटवर, पहिल्या वर्षाच्या दराने सुरू करतो. काही कंपन्या थेट कॅप्टन घेतात, विशेषतः वेगाने वाढणाऱ्या. पण तिथेही सुट्टी आणि बेस मिळण्याच्या रांगेत तो शेवटचाच. दुसरीकडून चांगली ऑफर दाखवून पगार वाढवून घेणं हे दुसऱ्या व्यवसायांत रोजचं हत्यार आहे. इथे ते म्यानातच राहतं.

को-पायलटचा दर त्याच विमानावरच्या कॅप्टनच्या साधारण दोन तृतीयांश असतो, पहिल्या वर्षी त्याहून बराच कमी. डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील ते सर्वस्वी कंपनीच्या वाढीवर अवलंबून. विमानं भराभर येत असतील तर चार-पाच वर्षं, आणि कंपनी थबकली तर पंधरा. दोघं पायलट सारखेच हुशार, एक जण तेजीत रुजू झाला आणि दुसरा दोन वर्षांनी मंदीच्या तोंडावर, एवढ्याने त्यांच्या आयुष्यभराच्या कमाईत प्रचंड फरक पडतो. डॉक्टरच्या बाबतीत रुजू व्हायच्या वर्षाला इतकं वजन नसतं.

शिक्षणाचा खर्च. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कमर्शियल लायसनला २०० तास लागतात, मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर १५० चालतात. शून्यापासून मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगपर्यंत (एकाहून जास्त इंजिनांचं विमान आणि बाहेरचं न दिसता फक्त उपकरणांवर उडवण्याची परवानगी) दीड ते दोन वर्षं. त्यानंतर कंपनीच्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाची परवानगी, बऱ्याच ठिकाणी तेही स्वतःच्या खर्चाने. डॉक्टरला स्पेशालिस्ट व्हायला दहा-बारा वर्षं जातात, त्यामानाने हे फारच लवकर, असं म्हणतात आणि ते बरोबर आहे. अडचण मधल्या काळात असते. लायसन हातात आल्यापासून पहिली एअरलाइन नोकरी मिळेपर्यंत काही महिने जातील की चार वर्षं, हे कुणी सांगू शकत नाही. त्या काळात इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी नवं करावं लागतं, मेडिकल (आरोग्य तपासणीचं प्रमाणपत्र) चालू ठेवावं लागतं, आणि हात बसलेला राहावा म्हणून उड्डाणाचे तासही विकत घ्यावे लागतात. कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून. बेकार डॉक्टरचं ज्ञान वर्षभरात शिळं होत नाही. पायलटचं रेटिंग होतं.

नोकरी लागल्यावरही परीक्षा संपत नाहीत. साधारण दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर चेक, म्हणजे टेकऑफला इंजिन फेल, एका इंजिनवर अप्रोच (उतरण्यासाठी खाली येणं) आणि गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं). वर्षातून एकदा लाइन चेक, म्हणजे नेहमीच्या उड्डाणात परीक्षकाची तपासणी. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत तर पुन्हा सिम्युलेटर. पस्तीस वर्षांच्या कारकिर्दीत साठ-सत्तर वेळा नोकरी पणाला लागते. दुसऱ्या कुठल्या मोठ्या पगाराच्या व्यवसायात हे इतक्या नियमाने होतं?

आणि मेडिकल. क्लास वन मेडिकल साधारण दर वर्षी, ठरावीक वयानंतर दर सहा महिन्यांनी. अमेरिकेत चाळिशीनंतरच सहा महिन्यांवर येतं, युरोपात दोन पायलटांच्या विमानासाठी साठीनंतर. हृदयविकार, फिट्स, इन्सुलिनवरचा मधुमेह, काही मानसिक आजार आणि त्यांची औषधं यांपैकी काही निघालं तर लायसन काही काळ किंवा कायमचं जातं. सूट मिळते, पण चाचण्या आणि कागदपत्रांत महिने जातात. तोच आजार असलेला वकील गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहतो. शिवाय आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांना वयाची मर्यादा ६५. २००६ पर्यंत ती ६० होती. डॉक्टर-वकील सत्तरीतही कमावतात, आणि बऱ्याचदा त्यांची ती सर्वांत जास्त कमाईची वर्षं असतात.

हे सगळं एका हिशेबात बसवून बघू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण वास्तवाला धरून आहे. देशातल्या सर्वसाधारण नोकरदाराची वर्षाची कमाई म्हणजे १ युनिट. पायलट विसाव्या वर्षी लायसन घेतो, शिक्षणाचा खर्च ३ युनिट. पुढची चार वर्षं इन्स्ट्रक्टर वगैरे ०.८ ने. चोवीस ते बत्तीस, नऊ वर्षं, फर्स्ट ऑफिसर २.२ ने. तेहतीसपासून पासष्ट पूर्ण होईपर्यंत बत्तीस वर्षं कॅप्टन ४.५ ने. बेरीज १६७, खर्च वजा जाता १६४. झकास.

आता तोच माणूस, पण चाळिसाव्या वर्षी कंपनी बुडते. तीन वर्षं जिथे मिळेल तिथे ०.८ वर काढतो, मग नव्या कंपनीत सात वर्षं पुन्हा फर्स्ट ऑफिसर, मग उरलेली पंधरा वर्षं कॅप्टन. खर्च वजा जाता बेरीज १३७ च्या जवळ. म्हणजे एका बुडालेल्या कंपनीने सर्वसाधारण नोकरदाराची सत्तावीस वर्षांची कमाई खाल्ली. एअरलाइनबाहेरची वर्षं तीनच होती, पण नुकसान कॅप्टनच्या सहा वर्षांच्या पगाराइतकं झालं, कारण नंबर पुन्हा तळापासून सुरू झाला. आणि कंपनी न बुडता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कायमचं गेलं, पुढची सतरा वर्षं जमिनीवरची १.५ ची नोकरी केली, तर खर्च वजा जाता बेरीज ११३.

याच पट्टीवर बावीसपासून साठपर्यंत सरासरी २.७ कमावणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर १०० च्या थोडा वर जातो. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर पायलट दीडपट पुढे, आणि मेडिकल गेलं तर जवळपास बरोबरीत. एकतिसाव्या वर्षापर्यंत अभ्यास आणि रेसिडेन्सीत घालवून बत्तीसपासून सदुसष्टपर्यंत ६ ने कमावणारा सर्जन २१५ च्या वर जातो. त्याची पहिली बारा वर्षं कोरडी जातात, पण नंतरची घसरण क्वचित. पायलट तिशीत सर्जनच्या पुढे असतो, पन्नाशीत मागे. यांपैकी कोणत्या वयातला पैसा जास्त उपयोगी पडतो ते घरच्या परिस्थितीवर आहे, आणि कर्ज काढणाऱ्यासाठी तो प्रश्न लहान नाही.

जवळच्या व्यवसायांशीही तुलना विचारतात. एअर ट्रॅफिक कंट्रोलरला शिक्षणाचा खर्च बहुधा सरकार करतं, पगार सुरुवातीपासून स्थिर असतो, पण वर पोचल्यावर कॅप्टनपेक्षा बराच कमी, आणि अमेरिकेत छप्पन्नाव्या वर्षी सक्तीची निवृत्ती. बंदरात जहाज आत आणणारे हार्बर पायलट मोठ्या बंदरांत कॅप्टनच्या तोडीचं किंवा जास्त कमावतात, पण जागा मोजक्या आणि आधी समुद्रावरची दीर्घ सेवा लागते. विमानाचे इंजिनिअर आणि मेकॅनिक, ज्यांच्या सहीशिवाय विमान हलत नाही, त्यांना मात्र कॅप्टनच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मिळतं. हे मला पटत नाही, पण त्यांच्या तासाला सीटचं गुणोत्तर लागत नाही, तेव्हा वरच्या गणितात त्यांची बाजू लंगडी पडते.

खाडी देशांतल्या ऑफरची तुलना करताना आयकर नाही, घर आणि मुलांची फी कंपनीकडे, हे सगळं पैशांत धरा. पण तिथे पेन्शन नसते, करार ठरावीक वर्षांचा असतो आणि मंदीत संघटना पाठीशी नसते. काही युरोपीय कंपन्यांत पायलट एजन्सीमार्फत स्वयंरोजगारी म्हणून घेतले जातात. उडालात तर पैसे, आजारी पडलात तर शून्य. अशा ऑफरमधला ताशी दर पंधरा-वीस टक्के जास्त असला तरी आजारपण, सुट्टी आणि निवृत्ती निधी वजा करून बघा, बहुधा तो साध्या नोकरीच्या खाली जातो.

ऑफर लेटर हातात आलं की आधी महिन्याची गॅरंटी किती तासांची ते पाहा आणि त्या तासांना मूळ दराने गुणा. हाच तुमचा खरा पगार, बाकी सगळं हवामानासारखं. घराचा हप्ता याच आकड्यात बसला पाहिजे. मग स्टँडबायचा दिवस किती तासांचा धरतात आणि आजारपणाची रजा गॅरंटीतून कापतात का, ते विचारा. लॉस ऑफ लायसन विमा (मेडिकल जाऊन लायसन गेलं तर भरपाई देणारा) कंपनी देते का, किती देते, वयानुसार रक्कम कमी होते का आणि मानसिक आजार त्यातून वगळलाय का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचा, तोंडी विश्वास नको. आणि टाइप रेटिंगचा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडली तर प्रशिक्षणाचा खर्च परत करण्याचा करार) असेल तर रक्कम दर महिन्याला समान कमी होते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते ते पाहा. तीन वर्षांचा बाँड, रक्कम समान उतरणारी असेल तर दोन वर्षांनी सोडताना एक तृतीयांश भरावी लागते. दुसऱ्या प्रकारात पूर्ण. कंपनीने स्वतःहून नोकरीवरून कमी केलं तर बाँड रद्द होतो, असं वाक्य करारात लिहिलेलं नसेल तर सही करण्याआधी ते घालून घ्या.